सुपरचार्जर किट मागवण्याआधी: घरच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांसाठी

कुपवाड एमआयडीसीतली लेथवरची पोरं संध्याकाळी चहाला जमली की गाड्यांचा विषय निघतो, आणि एक प्रश्न हमखास येतो: ‘किट मागवलं तर आपलं आपण बसवता येईल का?’ येईल. ब्रॅकेट बनवणं, पुली टर्न करून घेणं, पाइपाला वेल्डिंग मारणं, यातलं काहीच आपल्या भागाला नवं नाही. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, साताऱ्यात कूपरचा कारखाना १९२२ पासून आहे. हाताला लोखंडाची सवय असलेली माणसं इथे गल्लोगल्ली सापडतात. पण सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप, बसवल्यावर इंजिन फुटतं, ते बहुतेक वेळा पेट्रोल कमी पडल्यामुळे, हवा तापल्यामुळे किंवा इग्निशनचं टायमिंग (प्लगची ठिणगी पडायची वेळ) पुढे राहिल्यामुळे. या तिन्ही गोष्टी किट घरात यायच्या आधी कागदावर सोडवाव्या लागतात. म्हणून या लेखात पान्हा शेवटी येतो.

गाडी कुठली आणि चालवणार कुठे

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकात नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विम्याचं वेगळंच. कंपनीला न कळवता इंजिनात केलेला बदल हे क्लेम नाकारायला पुरेसं कारण ठरतं, आणि अपघातात समोरचा माणूस जखमी झाला तर तो भार तुमच्या घरावर येऊ शकतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: रोज ऑफिसला जायच्या एमएच १० किंवा एमएच ११ पासिंगच्या गाडीवर हे करू नका. ट्रॅकवर किंवा स्पर्धेत चालवायची, ट्रेलरवरून न्यायची वेगळी गाडी असेल तरच पुढचं वाचा. स्पर्धेत उतरायचं तर आपल्याकडे मोटरस्पोर्टचे नियम एफएमएससीआय ही देशातली मोटरस्पोर्टची संघटना ठरवते. कुठल्या वर्गात जबरदस्तीने हवा भरलेलं इंजिन चालतं, हे नियमपुस्तकात आधी बघा. गाडी तयार झाल्यावर वर्गात बसत नाही असं कळलं तर वर्षाची मेहनत शेडमध्येच राहते.

गाडी पेट्रोलचीच हवी, आणि आधीपासून टर्बो नसलेली. या लेखातली गणितं मी जुन्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) मारुती जिप्सीच्या १२९८ सीसी, ८० बीएचपी इंजिनावर करतो, कारण बोनेटखाली जागा आहे आणि सुटे भाग मिळतात. अलीकडच्या मारुतीच्या ड्युअलजेटसारख्या इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, १२:१ च्या आसपास असतं. नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. ९ ते १० च्या दरम्यान कॉम्प्रेशन असलेलं इंजिन ५ पीएसआयसारखा (दर चौरस इंचाला पाच पौंड) हलका दाब, पेट्रोल आणि टायमिंग नीट असेल तर, पेलतं.

इंजिनाची तपासणी

सुपरचार्जर म्हणजे क्रँकच्या पुलीवरून बेल्टने फिरणारा हवेचा पंप. टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरावर फिरतो, हा इंजिनाच्या जोरावर. सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबली की जास्त पेट्रोल जाळता येतं, एवढंच त्याचं काम. त्यामुळे इंजिनात आधीच असलेला प्रत्येक दोष तो मोठा करतो.

कॉम्प्रेशन टेस्ट घ्या. इंजिन गरम हवं, चारही प्लग बाहेर, इंजेक्टर आणि कॉईलचे कनेक्टर काढलेले, बॅटरी पूर्ण चार्ज. एक माणूस आत बसून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरेल, तुम्ही गेज लावून, स्टार्टर फिरवून प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा ठोके द्या. आकडे वहीत लिहा. ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत हवेत आणि चारही आकड्यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा ठोके द्या. आकडा चढला तर रिंगा गेल्यात. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे बघा.

याच्या पुढे जाऊन लीकडाउन टेस्ट करणारा मेस्त्री मिळाला तर सोडू नका. सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरून ती किती टक्के गळते ते त्यात कळतं, आणि कान लावला की कुठून गळते तेही. ऑइल भरायच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. १० टक्क्यांच्या आत गळती असेल तर इंजिन तब्येतीने चांगलं. २० च्या वर गेली तर किटचे पैसे आधी इंजिनाच्या कामाला लावा. हा सल्ला ऐकायला कुणाला आवडत नाही, मला माहीत आहे.

रेडिएटर, पंखा, क्लच आणि ब्रेक यांचीही याच वेळी झडती घ्या.

५ पीएसआय साताऱ्यात आणि ५ पीएसआय चेन्नईत

किटच्या खोक्यावर लिहिलेला दाब समुद्रसपाटीचा असतो. तिथे हवेचा दाब १४.७ पीएसआय. सातारा शहर साधारण ७०० मीटर उंचीवर, तिथे तो साडेतेराच्या आसपास येतो. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, साडेबाराच. म्हणजे जिप्सीचे ८० बीएचपी साताऱ्यात मुळातच चौऱ्याहत्तरच्या घरात असतात.

आता समजा, खोक्यावर ५ पीएसआय आहे. १४.७ मध्ये ५ मिळवा, १४.७ ने भागा. उत्तर १.३४. रूट्स जातीचा ब्लोअर (दोन रोटर असलेला सुपरचार्जर) हे गुणोत्तर राखतो, पीएसआय राखत नाही. साताऱ्यात १३.५ चे ३४ टक्के केले की गेजवर साडेचारच दिसतात. नवखा माणूस इथे फसतो. त्याला वाटतं बेल्ट घसरतोय, किट फसवं आहे, आणि तो ब्लोअरची पुली आणखी छोटी करून साताऱ्यात ५ करून घेतो. मग गाडी ट्रेलरवर चढते आणि चेन्नईजवळच्या ट्रॅकवर उतरते. तिथे तोच ब्लोअर जवळजवळ साडेपाच पीएसआय देतो, आणि इंजिनात जाणारी हवा वजनाने ९ टक्के वाढते. इंजेक्टर आधीच शेवटच्या टोकाला चालत असतील तर ते ९ टक्के पेट्रोल येणार कुठून?

म्हणून पुलीचं गणित समुद्रसपाटीवर करा आणि साताऱ्यात कमी दिसणारा आकडा तसाच राहू द्या.

ताकदीची अपेक्षाही आत्ताच ठरवा. समुद्रसपाटीवर ८० गुणिले १.३४ म्हणजे १०७, पण हवा तापते आणि ब्लोअर फिरवायला इंजिनाचीच ताकद लागते, म्हणून हातात ९५ ते १०० आले तर काम उत्तम झालं समजा. इंधनाचा सगळा हिशोब १०० वर धरू.

तापलेली हवा

हवा दाबली की तापते. सांगलीत एप्रिल-मे महिन्यात ४० अंश सावलीत असतात. त्या हवेला साधा रूट्स ब्लोअर ५ पीएसआयपर्यंत दाबतो तेव्हा बाहेर पडणारी हवा ८५ ते ९० अंशांवर जाते. अशी हवा आत गेली की ठिणगीनंतर ज्वाला पोहोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं आणि नॉकिंग सुरू होतं. पिस्टनच्या रिंगांमधल्या पट्ट्या तुटतात त्या यानेच, आणि खडखड ऐकू येईपर्यंत पुष्कळदा नुकसान होऊन गेलेलं असतं.

तेव्हा इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारी जाळी, ‘नंतर बघू’ या यादीत टाकू नका. हवेवर थंड होणारा इंटरकूलर स्वस्त, पण त्याला समोर जागा लागते आणि तो रेडिएटरची हवा अडवतो. पाण्यावरचा आटोपशीर असतो, पण त्याला वेगळा छोटा रेडिएटर आणि विजेचा पंप लागतो. छोट्या बोनेटखाली रूट्स ब्लोअर असेल तर मी पाण्याचा घेईन. हवेच्या तापमानाचा सेन्सर ब्लोअर आणि इंटरकूलरच्या नंतर, इंजिनाच्या बाजूला बसवायचा. एअर फिल्टरपाशीच राहिला तर ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) ४० अंश दिसतात, आणि आत जाणारी हवा त्याहून कितीतरी गरम असते.

पेट्रोल

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

सुपरचार्ज केलेलं इंजिन पूर्ण ताकदीवर दर बीएचपीला तासाला साधारण ३०० ग्रॅम पेट्रोल पितं. १०० बीएचपीला ३० किलो. चार इंजेक्टर, म्हणजे प्रत्येकी साडेसात किलो. इंजेक्टर सतत उघडा ठेवायचा नसतो, ८० टक्क्यांवर थांबायचं, म्हणून साडेसातला ०.८ ने भागा: ९.४ किलो. लिटरमध्ये आणून मिनिटावर आणलं की २१० सीसी होतात.

त्यात आता ई२० आहे. आपल्याच पट्ट्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून निघणारं इथेनॉल पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के असतं. इथेनॉल नॉकिंगला चांगला अडसर घालतं, हा फायदा. पण ते मुळात ऑक्सिजन बाळगून असतं, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलला हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७:१, ई२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे २१० चे २३० झाले. आणि चेन्नईच्या ट्रॅकसाठी थोडी जागा ठेवली की २५० ते २७० सीसीचे इंजेक्टर योग्य. कुणीतरी ‘असू द्या जास्तीचे’ म्हणून ५५० चे गळ्यात मारेल, घेऊ नका. आयडलिंगला इतका बारीक डोस त्यांना नीट देता येत नाही आणि गाडी सिग्नलला थांबल्यासारखी धडधडत राहते. जुन्या गाडीच्या रबरी पेट्रोल नळ्या इथेनॉलने फुगतात, चिरतात. त्या सगळ्या एकदम बदलून टाका.

पंप पुरतो की नाही ते घरी मोजता येतं. रिटर्न लाईन असलेल्या गाडीत रिटर्नची नळी लोखंडी डब्यात सोडा, इंजिन बंद ठेवून रिलेवरून पंप बरोबर ३० सेकंद चालवा आणि डब्यात आलेलं पेट्रोल मापा. ई२० धरून १०० बीएचपीला ३६० ते ३७० मिली लागतं. डब्यात अर्धा लिटर आलं तर पंप चांगला. ४०० च्या आत आलं तर बदला. हे काम उघड्यावर करायचं, शेजारी अग्निशामक ठेवून, बॅटरीचं कनेक्शन डब्यापासून लांब. उदबत्तीसुद्धा विझवायची.

ईसीयू आणि गेज

कंपनीच्या मॅप सेन्सरला (इनटेकमधला दाब मोजणाऱ्या) बहुधा वातावरणाच्या दाबापुढचं वाचता येत नाही. त्याला ५ पीएसआय आले काय आणि शून्य काय, सारखंच. २ बार किंवा अडीच बारचा सेन्सर आणि तो वाचू शकणारा, स्वतः मॅप (पेट्रोल आणि टायमिंगचं कोष्टक) भरता येईल असा ईसीयू घ्या. मूळ ईसीयूला सेन्सरचे खोटे आकडे दाखवून फसवणारी स्वस्त डबी मिळते. ती मी कुणालाही सुचवणार नाही.

वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर त्याच्या गेजसकट घ्याच. गाडीतला मूळ सेन्सर मिश्रण बरोबर, कमी की जास्त एवढंच सांगतो. किती, ते सांगत नाही. ई२० मुळे १४.७ चा गोंधळ नको असेल तर गेज लॅम्डावर ठेवा: इंधन कुठलंही असो, लॅम्डा १ म्हणजे मिश्रण बरोबर, १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त. दाब चढलेला असताना लॅम्डा ०.८० ते ०.८५ मध्ये हवा.

टायमिंगसाठी सुरुवातीला दर पीएसआयला एक अंश मागे, असा मेस्त्रींचा जुना हिशोब आहे. पहिला मॅप त्यावर भरा, पुढचं डायनोवर, म्हणजे गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर. प्लग एक नंबर थंड घ्या आणि गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवा. इथे एक घोळ होतो: एनजीकेचा आकडा मोठा तसा प्लग थंड, बॉशचा आकडा लहान तसा थंड.

बेल्ट, ब्रॅकेट आणि एक नळी

क्रँक पुलीचा व्यास भागिले ब्लोअर पुलीचा व्यास, गुणिले आरपीएम. १४० ची क्रँक पुली आणि ८० ची ब्लोअर पुली असेल तर १.७५. इंजिन ६,००० वर गेलं की ब्लोअर १०,५०० वर. बनवणाऱ्याने दिलेल्या कमाल फेऱ्यांच्या आत हे बसतं का बघा. बेल्ट खाचांचा, किमान सहा खाचांचा म्हणजे ६पीके, आणि छोट्या पुलीला त्याचा जास्तीत जास्त वेढा बसेल अशी आयडलरची (बेल्टला वळण देणाऱ्या मोकळ्या पुलीची) जागा.

ब्रॅकेट आधी जाड पुठ्ठ्याचं कापा, मग प्लायवुडचं, आणि ते बसल्यावरच पत्रा कापायला द्या. आम्ही पहिलं ब्रॅकेट ६ मिमी पट्टीचं केलं होतं. उभं असताना दगडासारखं वाटायचं. इंजिन चारेक हजारांवर नेलं की बेल्टच्या कडेला बारीक काळी भुकटी पडायची, बोनेटच्या आतल्या बाजूला त्या भुकटीची सरळ रेघ उमटली होती. लेथवाल्या काकांनी त्या रेघेवर बोट फिरवलं, दोन पुल्यांवर स्टीलची पट्टी टेकवली आणि म्हणाले, ‘बाळा, हे वाकतंय.’ टाचणी जाईल इतकीच फट होती. १२ मिमीचं ब्रॅकेट करून त्याला तिरका आधार दिला, तेव्हा भुकटी थांबली. पुल्या एका रेषेत आहेत की नाही ते बेल्ट ताणलेला असताना बघायचं, सैल असताना नाही.

दुसरी गोष्ट पीसीव्हीची. इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरमधली वाफ इनटेकमध्ये ओढणारी ही नळी. ब्लोअर बसल्यावर इनटेकमध्ये दाब येतो आणि तो याच नळीने उलटा चेंबरमध्ये शिरतो. मी हे विसरलो होतो. तिसऱ्याच चढावर डिपस्टिक वर उडाली आणि ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर सांडलं. पांढरा धूर बघून मी इग्निशन बंद केलं. आग लागली नाही, पण लागू शकली असती. त्या नळीत एकाच दिशेने वाहू देणारा व्हॉल्व्ह टाका, आणि ब्रेक बूस्टरच्या नळीतला तसाच व्हॉल्व्ह ठीक आहे का तोंडाने फुंकून तपासा.

खरेदी

किटची किंमत म्हणजे खर्चाचा निम्मा भाग धरा. वाहतूक, कस्टम, जीएसटी, इंजेक्टर, पंप, ईसीयू, वाइडबँड, इंटरकूलर, डायनोचं भाडं यातच उरलेला निम्मा जातो, कधी त्याहून जास्त. वापरलेला ब्लोअर घेत असाल तर हाताने फिरवून बघा. रोटर एकमेकांना घासायला नकोत, बेअरिंगमध्ये खडखड नको, आणि बायपास व्हॉल्व्ह जागेवर हवा. त्याशिवाय आयडलिंगलासुद्धा ब्लोअर हवा घुसळून तापवत राहतो. नवं असो वा जुनं, इंजिन तपासणी आणि पेट्रोलचं गणित पूर्ण होईपर्यंत पैसे पाठवू नका.

बसवण्याचा क्रम

आधी ब्लोअरशिवाय ईसीयू, सेन्सर, पंप, इंजेक्टर आणि वाइडबँड बसवा आणि गाडी तशीच चालवून बघा. आठवडाभर ती न कुरकुरता सुरू होऊ दे. सगळं एकदम बसवलं आणि गाडी सुरू झाली नाही, तर दोष वायरिंगचा, पेट्रोलचा की हवेचा हे शोधण्यात महिना जातो.

मग ब्लोअर, ब्रॅकेट, इंटरकूलर. काढलेला प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर कागद. बोल्ट टॉर्क पान्ह्यानेच आवळा. पाइप जोडून झाले की इनटेकचं तोंड बंद करून कॉम्प्रेसरची तीन-चार पीएसआय हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तो जोड पुन्हा आवळा. ब्लोअर स्वतःच्या ऑइलवर चालणारा असेल तर त्यात सांगितलेलंच ऑइल, सांगितलेल्या मापाने घाला.

पहिल्या स्टार्टला इंजेक्टर आणि कॉईलचे कनेक्टर काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत ठोके द्या, मग जोडून सुरू करा. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत आयडलिंगवर ठेवा. बंद करा, थंड होऊ द्या, बेल्टचा ताण पुन्हा बघा.

दाबावरची पहिली चाचणी डायनोवर, मेस्त्री लॅपटॉपवर आणि तुमची नजर लॅम्डावर. आधी ३,००० पर्यंत, मग ४,००० पर्यंत, असं एकेक हजाराने चढा. दाब असताना लॅम्डा ०.९० च्या वर सरकला की पाय काढा, कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. प्रत्येक टप्प्यानंतर प्लग काढून पांढऱ्या चिनीमातीवर भिंग धरा. मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चमकते कण दिसले तर नॉकिंग सुरू झालंय. टायमिंग आणखी मागे घ्या आणि हवेचं तापमान बघा.

ट्रॅकवरच्या पहिल्या दोन सत्रांनंतर ऑइल बदला, ब्रॅकेटचे सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कवर आवळा, नळ्यांच्या क्लिपा बघा आणि कॉम्प्रेशन टेस्ट पुन्हा घ्या. सुरुवातीचे चार आकडे वहीत आहेतच. नवे त्यांच्या शेजारी लिहा. चारही जिथल्या तिथे असतील, तर पुढच्या सत्राचं बुकिंग करा.